आभाळावरचे झाकण

मे महिन्यात भिवंडीत दुपारी अंगाची लाही होते. पूर्वेला माहुलीच्या बाजूने पांढरे ढग डोके वर काढतात आणि संध्याकाळी विरून जातात. “एवढं उकडतंय म्हणजे आज पडणार,” असे आमच्या वीटभट्टीवर रोज म्हणतात. पण पडत नाही. मग एके दिवशी वळीव असा कोसळतो, की वाळत घातलेल्या कच्च्या विटांचा तासाभरात चिखल होतो आणि आईवडिलांचे आठवड्याचे श्रम वाहून जातात. म्हणून हा प्रश्न मला पुस्तकी वाटत नाही. नुसत्या उकाड्याने पाऊस का येत नाही?

तापलेली हवा वर चढते आणि दर शंभर मीटरला सुमारे एक अंशाने थंड होते. भोवतालच्या हवेपेक्षा ती उष्ण असेपर्यंतच तिचे चढणे चालू राहते. आपल्याकडे समुद्रावरचा वारा जमिनीलगत दमट हवा आणतो. तिच्यावर पुष्कळदा दख्खनच्या पठारावरून आलेली कोरडी, गरम हवा पसरलेली असते. खालून चढणारी हवा तिथे पोचली, की भोवतालपेक्षा थंड ठरते आणि अडते. हेच ते झाकण. खाली ऊब व बाष्प मात्र साठत राहते. म्हणून लांबलेला वळीव अनेकदा अधिक जोराचा असतो.

जमीन पुरेशी तापली, किंवा सह्याद्रीच्या उतारांनी अथवा समोरासमोर आलेल्या वाऱ्यांनी हवेला वर रेटले, की झाकण उघडते. बाष्पाचे पाणी होताना उष्णता बाहेर पडते व ढगाला आणखी वर ढकलते. पुढे कोरड्या हवेतून पडणारे काही थेंब वाटेतच आटतात. त्यामुळे हवा गार व जड होऊन खाली आदळते आणि चहूकडे पसरते. पावसाआधी धूळ उठते ती यामुळेच. १३ मे २०२४ रोजी मुंबई-ठाण्यात असेच धुळीचे लोट उठले. घाटकोपरला प्रचंड जाहिरात फलक पेट्रोल पंपावर कोसळून १७ माणसे दगावली.

ही पसरणारी गार हवा पुढच्या गावावरचे झाकणही उचलू शकते. मुरबाडकडे गडगडले, तर भिवंडीने सावध व्हावे ते याचसाठी. हवामान खाते रडारवर ढग पाहून पुढील तीन तासांचा इशारा देते; तो आता मोबाइलवर मिळतो. मी तो भट्टीवर वाचून दाखवतो. पण इशारा आला नाही, तरी एक खूण पक्की धरावी : पूर्वेला ढग काळवंडला आणि भर उन्हात अचानक गार वारा सुटला, की आधी माणसांनी पक्क्या छपराखाली जावे. विटा पुन्हा थापता येतात.