न गिळलेला घोट

पोर्ट चाखायचं काम ज्याला करायचंय त्याला आधी नीट थुंकता यायला हवं. साध्या वाईनमध्ये अल्कोहोल 12-13 टक्के असतं, पोर्टमध्ये 19 ते 22. सकाळभर नमुने तपासायचे आणि प्रत्येकाचा घोट पोटात घालायचा म्हटलं, तर जेवणाच्या सुट्टीपर्यंत तपासणाऱ्यालाच धरून न्यावं लागेल. व्हिला नोव्हा द गायामधल्या एका जुन्या वखारीत मी ज्या बाईंना काम करताना पाहिलं, त्यांच्या तोंडची बारीक धार हातभर अंतरावरच्या पिकदाणीत सरळ जायची. पांढऱ्या कोटावर एक शिंतोडा नाही.

गाया म्हणजे पोर्तुगालमधल्या दोउरो नदीचा दक्षिण काठ. समोर पोर्तो शहर. द्राक्षं पिकतात ती इथे नाही, नदीच्या वरच्या अंगाला, उन्हाने तापणाऱ्या पाषाणी डोंगरउतारांवर. त्या प्रदेशाची हद्द 1756 पासून पुढच्या काही वर्षांत पोर्तुगालचा मंत्री पोंबाल (पुढे मार्किस द पोंबाल) याने दगड रोवून आखून दिली. वाईन मुरते मात्र खाली गायात, कारण समुद्राजवळची हवा थंड आणि दमट. पूर्वी पिंपं होड्यांतून नदीने खाली यायची. नदीवर धरणं झाली, आता टँकर रस्त्याने येतात.

बाईंच्या टेबलावर पांढरा कागद आणि त्यावर ओळीने पेले. पेला तिरका धरून त्या आधी कड बघतात, मधला भाग नव्हे. कडेला लालसर जांभळा असेल तर वाईन तरुण, विटकरी झाला तर पिंपात बरीच वर्षं गेलेली, आणि कडेला हिरवट झाक दिसली की बाई ताठ बसतात. ती फार जुन्या टॉनीची, म्हणजे पिंपातच मुरलेल्या पोर्टची खूण. मग नाक. नाक पेल्यात जितका वेळ असतं त्याच्या निम्माही वेळ वाईन तोंडात नसते. वास घेताना त्या कुणाशी बोलत नाहीत, हे मला पहिला प्रश्न विचारल्यावर कळलं.

पोर्ट गोड असते, पण त्यात साखर मिसळलेली नसते. द्राक्षाचा रस आंबायला लागतो, यीस्ट त्यातली साखर खात जातं, आणि साधारण निम्मी साखर उरलेली असताना त्यात 77 टक्क्यांची, रंग-वास नसलेली द्राक्षाची ब्रँडी ओततात. यीस्ट मरतं, साखर जागच्या जागी राहते. 550 लिटरच्या पिंपामागे ब्रँडी असते सुमारे 115 लिटर. हे सगळं दोन-तीन दिवसांत उरकतं, त्यामुळे सालीतला रंग आणि तुरटपणा काढायला वेळच मिळत नाही. म्हणून दगडी हौदात उतरून द्राक्षं पायांनी तुडवायची पद्धत. पाय सालीला चेचतो, पण बी फोडत नाही. बी फुटली की कडवटपणा उतरतो. आता यंत्रंही हेच करतात, तरी काही मळ्यांत निवडक वाईनसाठी माणसंच हौदात उतरतात. ही ब्रँडी घालायलाच विरोध करणारा एक मोठा व्यापारी एकोणिसाव्या शतकात होऊन गेला, जोसेफ जेम्स फॉरेस्टर. नदीचे बारकाईने नकाशे काढणारा हा माणूस 1861 मध्ये त्याच नदीत बुडाला. त्याचं म्हणणं टिकलं असतं तर बाईंना वेगळी नोकरी शोधावी लागली असती.

पुढचा फरक मुरण्यातला. व्हिंटेज पोर्ट उत्तम वर्षाचीच करतात. ती दोन-तीन वर्षांत बाटलीत जाते आणि हवेपासून दूर, काळ्याकुट्ट बाटलीत अनेक दशकं हळूहळू बदलते. तळाशी गाळ धरते, म्हणून ओतण्याआधी बाटली उभी ठेवून वरची वाईन अलगद वेगळ्या भांड्यात काढावी लागते. टॉनी पिंपात राहते. लाकडातून थोडी हवा आत येते, थोडी वाईन उडून जाते, लाल रंग तपकिरी होतो आणि फळाच्या जागी अक्रोड, सुकं अंजीर, संत्र्याची साल असे वास येतात.

बाटलीवर '20 वर्षं' लिहिलेलं असलं तरी आतली सगळी वाईन वीस वर्षांची असते असं नाही. अनेक वर्षांच्या पिंपांतून जुळवलेलं ते मिश्रण असतं. त्याला हा आकडा लावता येईल की नाही, हे सरकारी संस्थेचे परीक्षक चाखून ठरवतात. थोडक्यात, जन्मदाखला जिभेकडून मिळतो. दरवर्षी तीच चव जुळवायची हे बाईंचं काम, आणि त्यांना आवडणारं पिंप बाजूला ठेवून गरजेचं पिंप उचलायचं, हे त्यातलं सगळ्यात अवघड.

त्यांची स्वतःची आवड दुपारी कळली, चीजची फळी आल्यावर. पुस्तकी जोडी म्हणजे व्हिंटेज आणि स्टिल्टन, हे इंग्लंडचं निळ्या बुरशीचं खारट चीज. बाईंना ती मान्य नाही, निदान सरसकट नाही. खारटपणा आणि गोडी एकमेकांना उचलतात, चीजमधली चरबी आणि प्रथिनं तुरटपणाची धार बोथट करतात. हे खरंच, पण ते तरुण, दणकट वाईनला लागू. चाळीस वर्षं बाटलीत निजलेल्या व्हिंटेजचं नाजूकपण ती बुरशी एका घासात झाकून टाकते. अशी बाटली नुसतीच प्यावी, फार तर चार अक्रोड. स्टिल्टनसमोर ठेवायचीच तर चार ते सहा वर्षं पिंपात काढून बाटलीत भरलेली एलबीव्ही (लेट बॉटल्ड व्हिंटेज) ठेवावी, ती झुंज देते. इंग्लंडमध्ये काही जण स्टिल्टनच्या गोलाला खड्डा करून त्यातच पोर्ट ओतत, हे सांगताना त्यांनी केलेला चेहरा शब्दांत सांगण्यासारखा नाही.

मग त्यांनी फळीवरच्या सेरा दा एश्ट्रेला चीजची वरची साल झाकणासारखी काढली. आतलं चीज चमच्याने घ्यावं इतकं मऊ. हे मेंढीच्या दुधाचं, आणि दूध गोठवायला वासराच्या पोटातलं रेनेट नव्हे, कार्डून नावाच्या काटेरी रानझाडाची सुकवलेली फुलं भिजवून वापरतात. शाकाहारी वाचकांनी नोंद घ्यावी. त्या फुलांमुळेच प्रथिनं जास्त सैल होतात, चीज पातळ राहतं आणि मागे थोडा कडवटपणा येतो. त्यावर बाईंनी गार केलेली 10 वर्षांची टॉनी दिली. कडवटपणा गेला नाही, पण भाजलेल्या बदामासारखा झाला. व्हिंटेज-स्टिल्टनची कीर्ती मला माहीत होती. या जोडीपुढे ती मला थोडी आरडाओरड करणारी वाटते. अझोर्स बेटांवरचं साओ जॉर्ज हे गाईच्या दुधाचं कडक, तिखटसर चीज मात्र मला कुठल्याच पोर्टबरोबर बसलं नाही. बाईंना ते जुन्या टॉनीबरोबर प्रिय आहे. इथे आमचं जमलं नाही.

गोड पदार्थांसाठी त्यांचा एकच नियम: ताटातलं वाईनपेक्षा कमी गोड हवं, नाहीतर वाईन आंबट आणि पोकळ लागते. डार्क चॉकलेटला रूबी, म्हणजे तरुण लाल पोर्ट, किंवा एलबीव्ही चालते, मिल्क चॉकलेटला त्या हात लावत नाहीत. मठांतल्या, अंड्याच्या पिवळ्या बलकाच्या मिठायांना टॉनी, कारण दोन्हीकडे करपत आलेल्या साखरेचा वास.

इथे मला गोवा आठवला, आणि मी तिथल्या बेबिंका या गोड पदार्थाचं वर्णन केलं: अंड्याचा बलक, नारळाचं दूध, तूप, जायफळ, एकेक थर वरून तपकिरी झाल्याशिवाय दुसरा ओतायचा नाही. बाईंनी दोनच प्रश्न विचारले. नारळाचं दूध घट्ट असतं का, आणि थर किती करपवतात. उत्तरं ऐकून म्हणाल्या, 20 वर्षांची टॉनी, बारा-तेरा अंशांपर्यंत गार. आणि बेबिंका गरम वाढू नका, तूप वर येईल आणि जीभ बधिर होईल. मग पेरादचं सांगितलं, म्हणजे गोव्यातली पेरूची घट्ट वडी. पोर्तुगालात चीजबरोबर क्विन्स फळाची अशीच वडी खातात, त्यामुळे तिथे फार समजावावं लागलं नाही: खारट, जुनं चीज, पातळ काप पेरादचा, आणि रूबी.

गोव्यात पोर्ट म्हणून जी स्वस्त गोड लाल वाईन मिळते, ती या हिशेबात धरू नये. युरोपात ते नाव दोउरोच्या वाईनलाच लावता येतं. बेबिंकासाठी खरी टॉनी आणायचीच तर एक सोय आहे: उघडलेली बाटली फ्रिजमध्ये काही आठवडे टिकते, कारण हवा तिने पिंपातच पचवलेली असते. जुनी व्हिंटेज उघडली तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी संपवावी लागते, तेव्हा आधी पाहुणे मोजावेत.