जुना ट्रॅक्टर आणि नवे ठक

मृगाच्या आधींचे पंधरा दिवस शेतकऱ्याच्या घरीं मोठ्या धांदलीचे असतात. मशागत आटोपावयाची असते, बियाण्याची तजवीज करावयाची असते, आणि नेमका अशाच वेळीं जुना ट्रॅक्टर दगा देतो. नवा घ्यावयाचा म्हणजे लाखांची गोष्ट; तेव्हां जुना, पण चालता, कोठें मिळतो काय याचा शोध सुरू होतो. पूर्वीं हा शोध बाजारांत किंवा ओळखीच्या मिस्त्रीकडे होत असे. आतां तो मोबाइलच्या पडद्यावरही होतो, आणि पुष्कळदां तें काम शहरांत नोकरी करणाऱ्या मुलाकडे येतें. म्हणूनच विषय शेतीचा असला तरी तो आपणां शहरवासीयांना परका नाहीं.

माझ्या एका स्नेह्याच्या वडिलांनीं अशीच एक जाहिरात पाहिली. ट्रॅक्टरचें छायाचित्र झकास, किंमत बाजारभावाच्या निम्मी. विकणारा म्हणाला, "मी लष्करांत आहें; बदली झाली, म्हणून घाईनें विकतों." ओळखपत्राचें चित्रही त्यानें धाडलें. प्रथम वाहतुकीचे ५,००० रुपये, मग विम्याचे ८,०००, मग 'परत मिळणारी' अनामत १५,०००. असे एकूण २८,००० रुपये गेले. ट्रॅक्टर आला नाहीं.

या कपटाची रचना पाहण्यासारखी आहे. स्वस्त किंमत लोभ उत्पन्न करते. घाई विचाराला अवसर देत नाहीं. जवानाचा वेष विश्वास मिळवितो आणि वस्तु दाखवितां न येण्याला सबबही पुरवितो. पहिली रक्कम मुद्दाम लहान असते. ती एकदां दिली, कीं ती बुडूं नये म्हणून माणूस दुसरी देतो.

तेव्हां परीक्षा कशी करावी? प्रथम चित्राची. ठकाजवळ ट्रॅक्टर नसतो. दुसऱ्या कोणाच्या खऱ्या जाहिरातींतून उचललेलें चित्र असतें. म्हणून त्याला त्याच दिवशीं काढलेलें, चॅसिसवरील क्रमांक स्पष्ट दिसेल असें छायाचित्र मागावें, किंवा व्हिडिओ कॉलवर इंजिन सुरू करून दाखविण्यास सांगावें. खरा विक्रेता हें सहज करील. ठक सबब सांगेल.

दुसरी परीक्षा कागदांची. ट्रॅक्टर हें कायद्यानें मोटार वाहन आहे आणि त्याची नोंदणी होते. नोंदणी क्रमांकावरून सरकारच्या परिवहन संकेतस्थळावर त्याची बनावट, नोंदणीची तारीख आणि त्यावरील कर्जाचा बोजा यांविषयीं माहिती मिळते. बोजा असल्यास कर्ज देणाऱ्या संस्थेचें ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हवा. मालकी बदलण्यास फॉर्म २९ व ३० लागतात. मात्र येथें एक सावधगिरी हवी. कागद जुळले म्हणजे तसा ट्रॅक्टर अस्तित्वांत आहे एवढेंच सिद्ध होतें. बोलणारा माणूस त्याचा मालक आहे, हें नव्हे. रोटाव्हेटर किंवा मळणीयंत्र यांसारख्या अवजारांना तर असें नोंदणीपुस्तकच नसतें. तेथें मूळ खरेदीपावती मागून तीवरील क्रमांक यंत्राच्या पट्टीवरील क्रमांकाशीं ताडून पाहावा.

तिसरी परीक्षा सर्वांत जुनी: स्वतः जाऊन पाहणें. ट्रॅक्टरचें काम मैलांत नव्हे, तर तासांत मोजतात. तासमापकावर आंकडा थोडा, पण क्लचच्या पायटीचें रबर झिजून गुळगुळीत, असें दिसलें तर मापकावर विश्वास ठेवूं नये. जाणकार मिस्त्री बरोबर न्यावा. आणि यंत्र, कागद व मालक हीं तिन्ही एके ठिकाणीं पाहिल्यावांचून एक रुपयाही देऊं नये.

आणखी एक गोष्ट घरांतील सर्वांनीं ध्यानांत ठेवावी. यूपीआयचा गुप्त पिन आपल्या खात्यांतून पैसे देण्यासाठीं असतो. पैसे घेण्यासाठीं तो कधींही लागत नाहीं. "पैसे मिळण्यासाठीं हा चौकोन स्कॅन करा व पिन घाला" असें कोणी म्हणाला, कीं तो ठक समजावा.

इतकें करूनही फसगत झालीच, तर तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावें व राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. चोरलेला पैसा एका खात्यांतून दुसऱ्यांत झपाट्यानें हलविला जातो. तो हलण्यापूर्वीं वर्दी पोंचली तर बँकेला तो अडवून धरतां येतो.

माझ्या स्नेह्याच्या वडिलांनीं मात्र ही गोष्ट आठ दिवस मनांतच ठेवली. गेलेल्या पैशापेक्षां मुलगा काय म्हणेल, याचेंच भय त्यांना अधिक वाटलें. मुलाला कळलें तेव्हां खातें रिकामें झालें होतें. श्रोतेहो, आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांना या सर्व खुणा अवश्य सांगा. पण त्याआधीं एवढें सांगा, कीं चूक झाली तर आम्ही रागावणार नाहीं, फक्त त्याच घटकेला आम्हांस कळवा.