गल्लीतून कारखान्यात गेलेली सायकल

श्विन ही शिकागोची सायकल कंपनी, १८९५ साली सुरू झालेली. मंदीच्या ऐन काळात, १९३३ मध्ये, तिने जाड फुगीर टायरची सायकल आणली. पण मुलांच्या सायकलीचं रूप खऱ्या अर्थाने पालटलं ते कॅलिफोर्नियाच्या गल्ल्यांत. १९६०नंतर तिथली मुलं २० इंची सायकलींना उंच हँडल आणि केळ्याच्या आकाराची लांब सीट बसवू लागली. श्विनचे अधिकारी अल फ्रिट्झ यांच्या कानावर हे गेलं आणि १९६३ मध्ये कंपनीची 'स्टिंग-रे' आली. मुलांचं इतकं मनापासून ऐकणारे कारखानदार मला फार मोलाचे वाटतात.

मुलांची ही जोडणी शास्त्राला धरूनच होती. लहान, हलक्या चाकाचं जडत्व कमी. त्यामुळे सायकल चटकन वेग घेते, चटकन वळते. सीट मागे गेल्याने बहुतेक भार मागच्या चाकावर पडतो. मग हँडल ओढून पेडलवर जोर दिला, की पुढचं चाक सहज उचललं जातं!

स्टिंग-रेच्याच १९६८च्या 'क्रेट' मालिकेत गिअरचा दांडा मधल्या नळीवर आला. रुबाबदार, पण धडकेत मुलाला इजा करणारा. १९७०च्या दशकातल्या सुरक्षा नियमांनी तो काढायला लावला.

याच सायकली मातीच्या वाटांवर पळवता पळवता बीएमएक्स शर्यती जन्मल्या. २००८ मध्ये बीएमएक्स बीजिंग ऑलिंपिकमध्ये पोचलं. श्विन मात्र १९९२ मध्येच दिवाळखोरीत गेली होती.