पाणी कोणत्या तोंडातून आत सोडावे?

टपालाच्या तिकिटाहूनही लहान असलेली संगणकाची मुख्य चिप जोमाने काम करू लागली, की तिच्यात १५० वॅट उष्णता निर्माण होऊ शकते. पुष्कळशा चिपा १०० अंश सेल्सियसच्या आसपास तापल्या, की आपला वेग आपणच कमी करतात. म्हणून काही संगणकांत चिपवर तांब्याची चपटी डबी घट्ट दाबून बसवतात आणि तिच्यातून पंपाने पाणी खेळवतात. ही डबी म्हणजेच ‘वॉटर ब्लॉक’. तिला दोन तोंडे असतात आणि बहुधा त्यांवर ‘आत’ व ‘बाहेर’ अशा खुणा असतात. समजा, नळ्या उलट्या जोडल्या, तर काय बिघडेल? पाणी तर वाहणारच!

तुम्ही म्हणाल, पाणी पुढे जाता जाता तापते, म्हणून फरक पडत असेल. चला, हिशेब करू. मिनिटाला १ लिटर पाणी म्हणजे सेकंदाला सुमारे १७ ग्रॅम. १ ग्रॅम पाणी १ अंशाने तापायला ४.२ ज्यूल लागतात. म्हणजे १७ ग्रॅमला सुमारे ७० ज्यूल. चिप सेकंदाला १५० ज्यूल देते. तेव्हा बाहेर पडणारे पाणी आत येणाऱ्या पाण्यापेक्षा जेमतेम २ अंशांनी गरम! चिप मात्र पाण्यापेक्षा वीस-तीस अंशांनी तापलेली असू शकते. मग उष्णता अडते कुठे?

तांब्याच्या मानाने पाणी सहाशे पटींहून अधिक मंद उष्णतावाहक आहे. त्यातच धातूला अगदी लगटून असलेले पाणी जवळजवळ हलतच नाही. या थराला ‘सीमास्तर’ म्हणतात. तांब्याने पांघरलेली ही जणू गोधडीच! ती जितकी पातळ, तितकी उष्णता लवकर बाहेर पडते.

नळाखाली एक ताट उपडे धरून पाहा. धार पडते तिच्याभोवती पातळ, वेगवान पाण्याचे वर्तुळ दिसेल. त्याच्या कडेला पाणी एकदम जाड आणि संथ होते. ब्लॉकमध्ये सगळीकडे पाणीच भरलेले असल्याने असे कडे उमटत नाही. पण धारेखाली संथ थर पातळ होतो, हे तत्त्व तेच.

पुष्कळ ब्लॉकमध्ये ‘आत’च्या तोंडामागे एक अरुंद फट असते. तिच्यातून पाण्याची धार तांब्याच्या बारीक पात्यांवर, नेमकी चिपच्या मध्यावर आदळते आणि दोन्ही बाजूंना पांगते. नळ्या उलट्या जोडल्या, की पाणी कडेने सावकाश येते आणि सर्वांत तापलेल्या जागी सर्वांत शेवटी, धारेचा जोर नसताना पोचते. चिप काही अंशांनी अधिक तापते. ज्या ब्लॉकमध्ये अशी फट नसून दोन्हीकडून सारखीच वाट असते, तिथे मात्र नळ्या कशाही जोडा, फारसा फरक पडत नाही.

आता पंपाचा प्रवाह निम्मा केला, तर बाहेरचे पाणी किती अंशांनी गरम होईल? हिशेब तुम्हीच करा!