‘अभ्यासच करत नाही’ या तक्रारीच्या मागे

आठवीतला एक मुलगा डोळ्यांसमोर आणा. तोंडी उत्तरं चटकन देतो, पण पेपर कधीच पूर्ण लिहीत नाही. सहामाहीत दोन-तीन विषय राहिले. वर्गशिक्षक म्हणतात लक्ष नाही, आई म्हणते मोबाइल, वडील म्हणतात आळस. शाळेत समुपदेशक असतील, तर या टप्प्यावर तो त्यांच्याकडे येतो. उपाय सुचवण्याआधी समुपदेशक कारण शोधतात, आणि त्यांचं खरं कौशल्य या शोधातच पणाला लागतं.

शोधाची सुरुवात वह्या, जुन्या उत्तरपत्रिका आणि हजेरीपासून होते. वाचन-लेखन पहिली-दुसरीपासूनच रखडत आलं असेल, तर अध्ययन अक्षमतेची शंका येते. सातवीपर्यंत सगळं सुरळीत आणि दिवाळीनंतर एकदम घसरण असेल, तर मुलाच्या आयुष्यात काही घडलं आहे का, हे पाहावं लागतं: घरातला मृत्यू, आईवडिलांमधला तणाव, वर्गातल्या मुलांकडून होणारा छळ. फळ्यावरचं उतरवताना चुका होत असतील, तर आधी डोळे तपासून घ्यायला सांगतात. चष्म्याने सुटणाऱ्या अडचणीसाठीही मुलं वर्षभर बोलणी खातात.

मग मुलाशी भेट. पहिल्याच भेटीत समुपदेशक एक नियम सांगतात: इथे बोललेलं इथेच राहील. त्याला असलेले अपवादही तेव्हाच सांगतात. मुलाच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल, किंवा कुणी त्याच्यावर अत्याचार करत असेल, तर ती गोष्ट योग्य माणसांपर्यंत न्यावी लागेल. 2012च्या पॉक्सो कायद्यानुसार मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणं बंधनकारक आहे. शाळेचं नाव खराब होईल म्हणून ती दडपता येत नाही. हे अपवाद आधीच सांगितले, तर पुढे मुलाला फसवलं गेल्यासारखं वाटत नाही.

भेटींमध्ये उपदेश कमी आणि ऐकणं जास्त असतं. लहान मुलं चित्रांतून, खेळातून बोलतात. मोठ्यांना ‘पेपर हातात आल्यावर नेमकं काय होतं?’ असे साधे प्रश्न पुरतात. छाती धडधडते, पाठ केलेलं आठवत नाही, असं उत्तर आलं, तर परीक्षेच्या भीतीवर काम सुरू होतं: सावकाश श्वास सोडण्याचा सराव, अभ्यासाचे लहान तुकडे, घड्याळ लावून घरी पेपर सोडवणं. घरातलं माणूस गेलं असेल, तर घाई करत नाहीत. दुःखाला वेळ देतात आणि शिक्षकांना सांगून काही दिवस गृहपाठाचा भार हलका करून घेतात.

सुरुवातीच्या त्या आठवीतल्या मुलाच्या बाबतीत समजा अध्ययन अक्षमतेची शंका निघाली. समुपदेशक स्वतः तसा शिक्का मारत नाहीत. पालकांना समजावून त्याला तपासणीसाठी पाठवतात; मुंबईत सायन रुग्णालयासारख्या ठिकाणी ती होते. तिथे बुद्ध्यांक आणि वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या घेऊन निदान करतात. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, आणि प्रमाणपत्र असल्यास बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. म्हणून हे आठवीत लक्षात आलं तर बरं. दहावीच्या जानेवारीत कळलं, तर नुसती धावपळ उरते. ‘माझं मूल मंद आहे का?’ हा पालकांचा प्रश्न इथे हमखास येतो. या मुलांची बुद्धी कमी नसते, अडचण वाचन, लेखन किंवा गणितापुरती असते, हे शांतपणे आणि पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

काही मुलांच्या बोलण्यात जगणं नको झाल्याची खूण सापडते. तेव्हा समुपदेशक आडवळणाने न जाता थेट विचारतात: जीव द्यावा असं मनात येतं का? असं विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. उलट मुलाला बोलायला जागा मिळते. उत्तर ‘हो’ असेल, तर त्याला एकटं सोडत नाहीत, त्याच दिवशी पालकांना बोलावतात आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतात, कारण औषधं देणं समुपदेशकांच्या अधिकारात नसतं. शाळेत समुपदेशक नसतील, तर 14416 ही मानसिक आरोग्यासाठीची टेलि-मानसची मोफत सेवा आणि 1098 ही मुलांची हेल्पलाइन कुणालाही वापरता येते.

मात्र आठवड्यातल्या एका भेटीने मूल सावरत नाही. उरलेला आठवडा ते वर्गात आणि घरी असतं, म्हणून समुपदेशकांचं निम्मं काम मोठ्यांशी असतं. शिक्षकांना त्या मुलाचं गुपित सांगत नाहीत, फक्त गरज सांगतात: याला पुढे बसवा, सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला लावू नका. पालकांना सांगतात, दोन महिने शेजारच्या मुलाशी तुलना बंद.

जुलै 2025मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 100 किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायला सांगितलं आहे. पण नेमणूक झाली म्हणजे काम झालं असं नाही. दार लावता येईल अशी खोली हवी, ठरलेला वेळ हवा, आणि गैरहजर शिक्षकांचे तास समुपदेशकांच्या गळ्यात पडायला नकोत. पुढच्या पालकसभेत गुणांबरोबर याचीही चौकशी करा: आमच्या शाळेत समुपदेशक कधी भेटतात, आणि मूल स्वतःहून त्यांच्याकडे जाऊ शकतं का?