रक्तातल्या ढलप्या

ज्याने जन्मात दारूचा थेंब चाखला नाही, त्याच्या यकृतात सुई खुपसायची ही कल्पना कुणाला रुचेल? गेल्या मार्चात मँचेस्टरच्या दवाखान्यातून तशी चिठ्ठी आली, तेव्हा मला तरी रुचली नाही.

माझे दुखणे कातडीचे. सोरायसिस. त्यावर मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या मी दर रविवारी घेतो. आठवड्यातून एकदाच हं! रोज घेतल्या तर जिवावर बेतायचे, म्हणून आमच्या मंडळींनी डबीवर लाल शाईने ‘रविवार’ लिहून ठेवले आहे. या औषधाने काहींच्या यकृतात वर्षानुवर्षांनी चिवट तंतू माजतात. त्याचा सुगावा लागावा म्हणून दर तीन महिन्यांनी माझे रक्त तपासतात.

रक्तात पाहतात काय, ती मोठी मौज आहे. कातडी, हाडे, सांध्यांचे बंध, सारे ज्याच्यावर तगते ते कोलॅजन म्हणजे तीन पेडांची वेणी. ती वेणी ओळखली आपल्या मद्रासला, १९५४-५५ साली, जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी. (हे मी इथल्या डॉक्टरांना मुद्दाम ऐकवले!) पेशी ही वेणी बाहेर सोडते ती दोन्ही टोकांना गोंडे लावून. बाहेर आल्यावर गोंडे छाटले जातात, मगच वेण्या एकमेकींना बिलगून त्यांचा दोर होतो. छाटलेले तुकडे जातात रक्तात. सुताराच्या दाराशी पडलेल्या ढलप्या पाहून आत काम किती चालले आहे ते कळावे, तसेच हे. तिसऱ्या जातीच्या कोलॅजनचा असा तुकडा निरोगी माणसाच्या रक्तात लिटरमागे १.७ ते ४.२ मायक्रोग्रॅम सापडतो. माझा आकडा वर्षात तीनदा साडेपाचाच्या वर गेला. शिरस्त्याप्रमाणे पुढची पायरी सुईची. आणि सुईने निघणारा तुकडा तरी केवढा? यकृताचा सुमारे पन्नास हजारावा भाग!

पण ढलपीवर सुताराचे नाव नसते. वाढत्या मुलांत हा आकडा मोठाच असतो. जखम भरताना चढतो, सांधे सुजले तरी चढतो. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी अहवाल बाजूला ठेवला आणि माझी बोटे एकेक करून दाबली. “सकाळी आखडतात का?” आखडत होती, मी ते वयावर ढकलले होते.

“तरी मी गेल्या दिवाळीत म्हणत होते,” आमची मंडळी उसळून म्हणाली, “अहो, करंजीला मुरड घालताना तुमची बोटं वळत नाहीत!”

मग बाईंनी बरगडीवर यंत्राची दांडी टेकवून, बारीक हादरे देऊन यकृताचा कठीणपणा मोजला. ते मऊ निघाले. सुई टळली. खवल्यांबरोबर येणारा संधिवात मात्र ठरला, आणि त्याचे उपचार सुरू झाले.

पुढचे रक्त दिवाळीनंतर द्यायचे आहे. करंज्यांची मुरड यंदा मुलाकडे सोपवली आहे.