नाचणी-गुळाची जाड, मऊ बिस्किटे घरच्या घरी

नाचणी हे कोकणात व सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर पिकणारे सकस तृणधान्य आहे. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. गव्हाच्या तुलनेत हे प्रमाण कितीतरी पटींनी अधिक आहे. भाकरी व आंबील यांच्या जोडीला बिस्किटे केल्यास मुले नाचणी आवडीने खातात व घरच्या धान्याला थोडी अधिक किंमतही मिळू शकते.

मात्र घरी केलेली बिस्किटे पुष्कळदा ट्रेमध्ये पसरून पापडासारखी होतात, नाहीतर दगडासारखी कडक होतात. अशी बिस्किटे मुले खात नाहीत व गिऱ्हाईक दुसऱ्यांदा घेत नाही. बटर, काजू व इंधनाचा खर्च तेवढा अंगावर पडतो. साहित्य तेच ठेवून हे नुकसान टाळता येते. त्यासाठी पुढील तीन गोष्टी समजून घ्याव्यात.

बिस्किट जाड व मऊ कशाने होते?

१) गूळ : पावसाळ्यात गुळाच्या ढेपेला पाणी सुटते, हे आपण पाहतो. गुळात साखरेबरोबर ग्लुकोज व फ्रुक्टोज या शर्करा असतात आणि त्या ओलावा धरून ठेवतात. त्यामुळे बिस्किट आतून मऊ राहते. नुसती साखर वापरल्यास ती थंड होताना घट्ट होते व बिस्किट कुरकुरीत बनते.

२) कणीक : नाचणीत गव्हासारखा चिकटपणा (ग्लुटेन) नसतो. केवळ नाचणीचे बिस्किट भुसभुशीत होऊन तुटते. म्हणून निम्म्याहून थोडी अधिक कणीक मिसळावी.

३) थंड गोळा : बटर साधारण ३२ ते ३५ अंश सेल्सिअसला वितळते. उन्हाळ्यात आपल्या स्वयंपाकघरात एवढे तापमान सहज असते. बटर आधीच पातळ झाले तर कणकेला बळकटी येण्यापूर्वीच गोळा पसरतो. गोळा थंड असल्यास बटर सावकाश वितळते, तोवर कडा घट्ट होतात व जाडी टिकते.

साहित्य (साधारण १६ बिस्किटांसाठी)

नाचणीचे पीठ १०० ग्रॅम, कणीक १५० ग्रॅम, बिनमिठाचे बटर १२० ग्रॅम, बारीक चिरलेला गूळ १५० ग्रॅम, दूध ४० मिलिलिटर, बेकिंग पावडर १ लहान चमचा, मीठ पाव चमचा, वेलदोडा पूड पाव चमचा, काजूतुकडा ७५ ग्रॅम. अंडे चालत असल्यास दुधाऐवजी एक अंडे घ्यावे.

कृती

नाचणीचे पीठ मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत भाजून पूर्ण थंड करावे. त्यात कणीक, बेकिंग पावडर व मीठ घालून दोनदा चाळावे. मऊ बटर व गूळ एकत्र करावेत, पण फार फेसू नयेत. जास्त हवा भरल्यास बिस्किट फुगून नंतर खाली बसते. त्यात दूध, वेलदोडा, पीठ व काजू घालून हलक्या हाताने गोळा करावा. कणकेप्रमाणे मळू नये.

गोळा झाकून एक तास फ्रीजमध्ये ठेवावा. फ्रीज नसल्यास हे काम पहाटे करावे व भांडे थंड पाण्याच्या परातीत ठेवावे. या वेळात पीठ ओलावा शोषून घेते. नंतर ४० ग्रॅमचे गोळे करून दोन बोटे अंतरावर ठेवावेत व किंचित दाबावेत. थापून पातळ करू नयेत.

ओव्हन १८० अंश सेल्सिअसला आधी तापवून १२ ते १४ मिनिटे भाजावे. ओव्हन नसल्यास जाड बुडाच्या पातेल्यात वाळूचा थर देऊन त्यावर तिवई ठेवावी. झाकण लावून १५ मिनिटे तापवावे व मग आत ताटली ठेवून भाजावे. यास १८ ते २० मिनिटे लागतात.

भाजले कसे ओळखावे?

नाचणीचा रंग मुळातच गडद असतो. म्हणून तांबूस रंग येण्याची वाट पाहत बसल्यास बिस्किट हमखास कडक होते. कडा बोटाला घट्ट लागल्या व मध्यभाग अजून मऊ असला की बाहेर काढावे. ट्रेवरच १० मिनिटे ठेवावे. ट्रेच्या उष्णतेने मध्यभाग शिजून पूर्ण होतो.

दोष व उपाय

• पसरणे : गोळा गरम किंवा बटर जास्त. गोळा पुन्हा थंड करावा.
• कडक होणे : भाजणी जास्त. दोन मिनिटे कमी करावीत.
• तुटणे : नाचणी जास्त किंवा ओलावा कमी. एक चमचा दूध वाढवावे.
• करपट बूड : खालची आच तीव्र. वाळूचा थर वाढवावा.

याच पद्धतीने काजूऐवजी अक्रोड व चॉकलेटचे तुकडे प्रत्येकी ४० ग्रॅम घालता येतात. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या व्हिटमन येथे रूथ वेकफील्ड यांनी १९३० च्या दशकात चॉकलेटचे तुकडे घातलेली बिस्किटे प्रसिद्धीस आणली.

साठवण व विक्री

मऊ बिस्किटात ओलावा अधिक असल्याने ते कुरकुरीत बिस्किटाइतके टिकत नाही. गरम बिस्किटे डब्यात भरल्यास वाफेचे पाणी होऊन बुरशी येते. पूर्ण थंड झाल्यावरच हवाबंद डब्यात भरावीत व आठवड्याच्या आत संपवावीत. पावसाळ्यात तीन-चार दिवसांपुरतीच करावीत. विक्री करावयाची असल्यास अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ नुसार आधी नोंदणी करावी आणि पाकिटावर वजन, घटक व तयार केल्याची तारीख लिहावी. किंमत ठरविताना इंधन व तुटलेली बिस्किटे हिशेबात धरावीत. भगिनींनी प्रथम एकच घाणा करून पाहावा, आपल्या ओव्हनची किंवा पातेल्याची नेमकी वेळ वहीत टिपून ठेवावी व मगच मोठे प्रमाण हाती घ्यावे.